लिनक्सवर ग्राफिक्स कार्ड: ड्रायव्हर कुठे राहतो ते आधी बघा

लिनक्सवर नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एक सल्ला मिळतो: एएमडीचं कार्ड घे, एनव्हिडियाच्या वाटेला जाऊ नकोस. २०१२-१३ च्या सुमारास हाच सल्ला बरोब्बर उलटा होता. तेव्हा एएमडीच्या 'कॅटलिस्ट' नावाच्या बंदिस्त ड्रायव्हरला (ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बंदिस्त म्हणजे ज्याचा कोड कंपनी खुला करत नाही) लोक कंटाळलेले होते आणि लिनक्सवर गेम खेळायचे तर एनव्हिडियाच, असं सर्रास म्हटलं जायचं. कंपनीच्या नावावर दिलेला सल्ला असा लवकर शिळा होतो. शिवाय बहुतेकांना कार्ड निवडायचं नसतंच. ते मशीनमध्ये आधीपासून बसलेलं असतं, आणि प्रश्न एवढाच असतो की आता याचं काय करायचं.

त्यासाठी दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलच्या (म्हणजे गाभ्याच्या) आत राहतो की बाहेरून आणून बसवावा लागतो? आणि तुमचं कार्ड तुमच्या डिस्ट्रोपेक्षा (उबुंटू, फेडोरा असा लिनक्सचा जो संच तुम्ही वापरता त्यापेक्षा) नवं आहे की जुनं? एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर आत राहतात, त्यांच्या बाबतीत त्रास होतो तो कार्ड फार नवं असलं तर. एनव्हिडियाचा बाहेरून येतो, तिच्या बाबतीत त्रास होतो तो कार्ड फार जुनं असलं तर. पुढचे बहुतेक सगळे तपशील याच एका फरकातून निघतात.

कमांडबद्दल एक सूचना. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, टाइप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरं वापरा. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

ड्रायव्हर म्हणजे एक फाइल नव्हे

विंडोजवर ड्रायव्हर म्हणजे साइटवरून उतरवायचा एक इन्स्टॉलर. लिनक्सवर त्याचे तीन तुकडे असतात आणि ते तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात.

पहिला तुकडा कर्नलमध्ये असतो. स्क्रीनचं रिझोल्यूशन ठरवणं, कार्डाची मेमरी वाटणं, पंखा आणि वीज सांभाळणं ही त्याची कामं. एएमडीसाठी त्याचं नाव 'एएमडीजीपीयू', इंटेलसाठी 'आय९१५' किंवा नवा 'एक्सई', एनव्हिडियासाठी मुक्त 'नूव्हो' किंवा कंपनीचा स्वतःचा 'एनव्हिडिया'.

दुसरा तुकडा फर्मवेअर. कार्ड चालू होताना त्याच्यात भरला जाणारा हा छोटा प्रोग्राम कंपनी देते आणि तो बंदिस्तच असतो, मुक्त ड्रायव्हर वापरला तरी. तो बहुतेक डिस्ट्रोंमध्ये 'लिनक्स-फर्मवेअर' या किंवा अशाच नावाच्या पॅकेजातून येतो. डेबियन २०२३ पर्यंत हे पॅकेज मूळ इन्स्टॉलरमध्ये देत नसे, त्यामुळे नव्या माणसाच्या वाट्याला काळी स्क्रीन यायची आणि दोष मात्र कार्डाला लागायचा. डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं.

तिसरा तुकडा मेसा. गेम किंवा ब्लेंडरसारखा थ्रीडी चित्रांचा प्रोग्राम 'हे त्रिकोण काढ' म्हणतात तेव्हा त्या ओपनजीएल किंवा वल्कनच्या भाषेतल्या सूचना कार्डाला समजतील अशा रूपात आणण्याचं काम मेसा करतं. हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. एएमडी आणि इंटेलचे मुक्त ड्रायव्हर त्यातच राहतात. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर मेसा वापरत नाही. तो हे काम आपल्या बंदिस्त लायब्ररींकडून करून घेतो.

यातला एक तुकडा जुना राहिला तरी बाकीचे दोन हात टेकतात. 'ड्रायव्हर टाकला तरी चालत नाही' अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा हेच असतं: कर्नल नवा केला पण मेसा जुनंच राहिलं, नाहीतर दोन्ही नवे आले आणि फर्मवेअर मागे राहिलं.

पायरी १: मशीनमध्ये काय आहे ते बघा

टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय -एनएनके' ही कमांड द्या. लांबलचक यादी येईल. तिच्यात 'व्हीजीए' किंवा 'थ्रीडी कंट्रोलर' असं लिहिलेल्या ओळी शोधा. लॅपटॉपमध्ये अशा दोन ओळी सापडल्या तर घाबरू नका, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात कंपनीचा क्रमांक असतो: १००२ म्हणजे एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असं लिहिलेली ओळ असेल. सध्या कार्ड कोण चालवतंय ते तिथे कळतं. ही ओळच नसेल, तर कार्डाला ड्रायव्हर मिळालेला नाही.

मग 'यूनेम -आर' देऊन कर्नलची आवृत्ती बघा. मेसाची आवृत्ती 'जीएलएक्सइन्फो -बी' या कमांडनं कळते; यातला 'बी' मोठा. ही कमांड सापडली नाही तर उबुंटू, डेबियन किंवा मिंटवर 'मेसा-युटिल्स' हे पॅकेज टाका. या उत्तरातली 'रेंडरर' नावाची ओळ नीट वाचा. तिथे तुमच्या कार्डाचं नाव दिसलं तर उत्तम. 'एलएलव्हीएमपाइप' असं दिसलं, तर सगळी चित्रं प्रोसेसर काढतोय आणि कार्ड नुसतं बसून आहे. डेस्कटॉप वरवर ठीक दिसतो, पण खिडकी ओढली की अडखळतो आणि व्हिडिओ लावला की पंखा गरगरतो.

आणि डेस्कटॉप मशीन असेल तर मागच्या बाजूला एकदा बघा. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावलेली असेल तर चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरून येतं, महागडं कार्ड तसंच राहतं. ही चूक वाटते त्याहून फार जास्त जणांकडून होते.

इंटेल: बहुतेक वेळा काहीच करायचं नाही

प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेल्या इंटेल मशीनवर डिस्ट्रो टाकायची आणि कामाला लागायचं. २०१४ च्या सुमाराच्या ब्रॉडवेलपासून पुढच्या चिप मेसामधला 'आयरिस' ड्रायव्हर चालवतो, त्याआधीच्या 'क्रोकस'. दहा-बारा वर्षं जुन्या लॅपटॉपला नवं आयुष्य द्यायचं असेल तर इंटेल ग्राफिक्सइतकी निर्धास्त गोष्ट लिनक्सवर दुसरी नाही.

जुन्या लेखांमध्ये 'एक्सएफ८६-व्हिडिओ-इंटेल' नावाचं पॅकेज टाकायला सांगितलेलं आढळेल. टाकू नका. ते कधीच मागे पडलं आहे आणि आज त्यानं मदत होण्याऐवजी स्क्रीन फाटल्यासारखी दिसते.

इंटेलच्या स्वतंत्र 'आर्क' कार्डांचं मात्र वेगळं आहे. ए-मालिकेची कार्डं २०२२ मध्ये आली आणि कर्नल ६.२ पासून ती आपोआप ओळखली जाऊ लागली. बी-मालिका २०२४ च्या डिसेंबरमध्ये आली, तिला कर्नल ६.१२ किंवा त्यापुढचा हवा आणि ती नव्या 'एक्सई' ड्रायव्हरवर चालते. आर्क लावण्याआधी बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन 'रीसायझेबल बार' चालू करा. ते बंद असेल तर आर्कचा वेग इतका पडतो की कार्ड खराब निघालं असं वाटावं.

एएमडी: कार्डाची तारीख आणि डिस्ट्रोची तारीख

२०१५ मध्ये कर्नल ४.२ सोबत 'एएमडीजीपीयू' आला आणि एएमडीचं चित्र पालटलं. आज एएमडीचं रॅडिऑन कार्ड असेल तर साइटवरून काही उतरवायचं नसतं. एएमडीच्या साइटवर लिनक्ससाठी एक पॅकेज दिसतं खरं, पण ते ठरावीक व्यावसायिक सॉफ्टवेअर आणि गणनेच्या कामांसाठी आहे. विंडोजच्या सवयीनं ते टाकायला जाऊन चालतं मशीन बिघडवणारे बरेच असतात. घरगुती वापराला त्याची गरज नाही.

वल्कनसाठी एएमडीचा स्वतःचा एक मुक्त ड्रायव्हरही होता, पण मेसामधला 'रॅडव्ही' त्याच्या पुढे निघून गेला. गंमत म्हणजे रॅडव्ही एएमडीनं लिहायला घेतलेला नव्हता. बाहेरच्या लोकांनी तो सुरू केला आणि पुढे 'स्टीम' हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं त्यात माणसं घातली. शेवटी २०२५ मध्ये एएमडीनं स्वतःचा प्रकल्प थांबवून रॅडव्हीच्या मागे उभं राहायचं ठरवलं. व्हॉल्व्हच्या स्टीम डेक या हातात धरून गेम खेळायच्या यंत्रात एएमडीचीच चिप असल्यानं व्हॉल्व्हनं केलेल्या सुधारणा तुमच्या साध्या रॅडिऑनलाही फुकट मिळतात.

मग अडचण कुठे येते? नव्या कार्डात. उदाहरण घ्या: उबुंटू २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ ची, तिच्यासोबत आलेला कर्नल ६.८. रॅडिऑन आरएक्स ९०७० बाजारात आलं मार्च २०२५ मध्ये. त्या कर्नलला हे कार्ड माहीत असण्याचा प्रश्नच नाही. स्क्रीन लागते, पण कमी रिझोल्यूशनवर, आणि जीएलएक्सइन्फोमध्ये तोच एलएलव्हीएमपाइप दिसतो. इथे 'ड्रायव्हर' शोधत फिरू नका, डिस्ट्रो नवी करा. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला मधूनमधून नवा कर्नल आणि नवं मेसा मिळतं, २४.०४.३ मध्ये कर्नल ६.१४ आला. डेबियनवर हेच काम बॅकपोर्ट्स (जुन्या आवृत्तीसाठी नवी पॅकेजं देणारा स्रोत) करतं. फेडोरा किंवा आर्च वापरत असाल तर नुसत्या नेहमीच्या अपडेटनं काम भागतं.

माझा ढोबळ नियम असा: कार्ड बाजारात येऊन वर्ष झालं नसेल तर डिस्ट्रो सहा महिन्यांच्या आतली हवी. कार्ड त्याहून जुनं असेल तर हवी ती डिस्ट्रो वापरा.

फार जुन्या रॅडिऑनसाठी 'रॅडिऑन' नावाचाच वेगळा कर्नल ड्रायव्हर आहे. एचडी ७००० च्या आसपासच्या पिढीची कार्डं दोन्ही ड्रायव्हरवर चालू शकतात. पुष्कळ डिस्ट्रो त्यांना जुनाच ड्रायव्हर देत आल्या, आणि त्यावर वल्कन मिळत नाही. असं कार्ड असेल तर कर्नलला सुरुवातीलाच एएमडीजीपीयू वापरायला सांगता येतं. त्याचे शब्द पिढीनुसार बदलतात, म्हणून कार्डाच्या चिपचं नाव बघून आपल्या डिस्ट्रोच्या मदतपानावरूनच घ्या.

आणखी एक खोच आहे आणि तिच्यात ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा काही दोष नाही. २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमनं एएमडीला मुक्त ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणायची परवानगी नाकारली. मोठ्या टीव्हीवर ४के चित्र पूर्ण रंगांसह १२० हर्ट्झनं बघायचा बेत असेल तर इथे अडायला होतं. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर तीच केबल वापरा.

एनव्हिडिया: आधी पिढी ओळखा

इथे थोडं सावकाश जाऊ. कारण इथे कार्डाच्या पिढीनुसार वेगवेगळ्या वाटा आहेत आणि चुकीची धरली की काळी स्क्रीन ठरलेली.

एनव्हिडियानं लिनक्ससाठी ड्रायव्हर दिलाच नाही, असं कधी नव्हतं. ड्रायव्हर होता, वेगवान होता, पण बंदिस्त होता आणि कर्नलच्या बाहेर होता. त्यामुळे कर्नल बदलला की त्याचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, नव्यानं बांधावं लागायचं आणि त्यात काही चुकलं की ग्राफिक्स गायब. २०१२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी फिनलंडमधल्या एका जाहीर कार्यक्रमात या कंपनीला कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवून शिवी घातली, ती याच काळातली.

मे २०२२ मध्ये कंपनीनं ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. पण तो ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांसाठीच, म्हणजे जीटीएक्स १६, आरटीएक्स २० आणि नंतरची कार्डं. कारण या कार्डांत 'जीएसपी' नावाचा एक छोटा प्रोसेसर आहे. पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेलं बरंच गुपित कंपनीनं त्याच्या फर्मवेअरमध्ये हलवलं आणि उरलेला भाग मोकळा केला. ओपनजीएल, वल्कन आणि कूडा (कार्डावर गणना करण्याची एनव्हिडियाची प्रणाली) यांच्या लायब्ररी अजून बंदिस्तच आहेत. 'एनव्हिडिया आता ओपन सोर्स झालं' असं कुणी म्हटलं तर ते अर्धंच खरं.

आता पिढ्यांकडे वळू.

आरटीएक्स ५० मालिका: हिच्यावर फक्त खुलं मॉड्यूल चालतं. पॅकेज निवडताना नावात 'ओपन' असलेलंच घ्या. बंदिस्त मॉड्यूल घेतलं तर कार्ड सुरूच होणार नाही.

जीटीएक्स १६ ते आरटीएक्स ४०: दोन्ही मॉड्यूल चालतात, पण ड्रायव्हरच्या आवृत्ती ५६० पासून कंपनी स्वतःच खुलं मॉड्यूल आधी सुचवते. तेच घ्या.

जीटीएक्स ९०० आणि १०, तसंच जीटीएक्स ७५०: यांना खुलं मॉड्यूल चालत नाही. यांना आधार देणारी ड्रायव्हरची शेवटची शाखा, म्हणजे आवृत्त्यांची मालिका, ५८०. २०२५ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ५९० मधून ही कार्डं वगळली गेली. आर्चवर नेहमीसारखा अपडेट मारलेल्या जीटीएक्स १०६० वाल्यांचा डेस्कटॉप त्या महिन्यात उठलाच नाही, त्याचं कारण हेच. तुमच्याकडे या पिढीचं कार्ड असेल तर पॅकेजच्या नावात ५८० हा आकडा असलाच पाहिजे.

जीटीएक्स ६०० आणि ७०० मधली बहुतेक: शाखा ४७०, आणि तिचाही आधार २०२४ मध्ये संपला. नव्या कर्नलवर ती बाहेरचे पॅच लावल्याशिवाय बांधली जात नाही. हिच्यात वल्कन १.३ नाही, त्यामुळे विंडोजचे गेम चालवणारं डीएक्सव्हीके आवृत्ती २ पासून इथे चालत नाही. असं कार्ड असेल तर मी नूव्होवर राहायला सांगेन. कागदपत्रं, ब्राउझर आणि व्हिडिओ एवढ्यापुरतं ते पुरतं.

नूव्होबद्दल वाईट बरंच ऐकायला मिळतं. कंपनीकडून माहिती मिळत नसताना कार्डाचं वागणं बघून बघून लोकांनी तो लिहिला आहे. जीटीएक्स ९०० पासून कंपनीनं सही केलेलं फर्मवेअर सक्तीचं केलं आणि वेग वाढवण्याची किल्ली नूव्होच्या हातून गेली. म्हणून जीटीएक्स ९०० आणि १० ही कार्डं नूव्होवर सुरुवातीच्या मंद वेगातच अडकून राहतात, आणि मुक्त ड्रायव्हरच्या दृष्टीनं सगळ्यात दुर्दैवी पिढ्या याच. ट्युरिंगपासून पुढे मात्र परिस्थिती सुधारते आहे. कर्नल ६.७ पासून नूव्होला जीएसपीचं फर्मवेअर वापरता येतं आणि त्यावर मेसामधला 'एनव्हीके' हा वल्कन ड्रायव्हर उभा आहे. काही गेम त्यावर छान चालतात. वेग अजून कंपनीच्या ड्रायव्हरपेक्षा कमी पडतो, आणि कूडा नाही. कर्नलमध्ये रस्ट भाषेत 'नोव्हा' नावाचा नवा ड्रायव्हरही लिहिला जातोय, पण आज त्याच्यावर विसंबू नका.

पायरी २: एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकणं

पहिला नियम: एनव्हिडियाच्या साइटवरून '.रन' फाइल उतरवून चालवू नका. ती चालते, आणि तोच धोका आहे. डिस्ट्रोच्या पॅकेज व्यवस्थेला तिचा पत्ता नसतो, पुढचा कर्नल आला की सगळं तुटतं, आणि काढताना कुठे काय टाकलं होतं ते सापडत नाही.

उबुंटूमध्ये 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' नावाची खिडकी आहे. तिथे तुमच्या कार्डाला चालणाऱ्या आवृत्त्या दिसतात आणि एकीसमोर 'शिफारस केलेली' अशी खूण असते. ती निवडून मशीन रीस्टार्ट करा. नावात 'सर्व्हर' असलेल्या आवृत्त्या घरच्या मशीनसाठी नाहीत. पॉप ओएस वापरणार असाल तर एनव्हिडियासाठीची वेगळी आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) घ्या, ड्रायव्हर तिच्यात आधीच असतो.

फेडोरावर 'आरपीएम फ्यूजन' हा स्रोत जोडून 'एकेमॉड-एनव्हिडिया' हे पॅकेज टाकायचं. इथे एक गोष्ट हमखास चुकते. पॅकेज टाकून झालं असं टर्मिनल सांगतं, पण मॉड्यूल मागे अजून बांधलं जात असतं. लगेच रीस्टार्ट केलं तर अर्धवट मॉड्यूल घेऊन मशीन उठतं. पाचेक मिनिटं थांबा, 'मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया' (यातला 'एफ' मोठा) ही कमांड आवृत्तीचा आकडा देते का बघा, मगच रीस्टार्ट करा.

डेबियनवर स्रोतांच्या यादीत 'नॉन-फ्री' हा विभाग आधी चालू करावा लागतो. तिथली आवृत्ती बरीच जुनी असू शकते. अगदी नवं एनव्हिडिया कार्ड आणि डेबियन स्टेबल ही जोडी नव्या माणसानं जमवायला जाऊ नये.

सिक्युअर बूट

ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं, पण एनव्हिडिया काही चालू झालं नाही? बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असण्याची शक्यता मोठी आहे. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल सही नसलेलं मॉड्यूल आत घेत नाही. एएमडी आणि इंटेलला हा प्रश्न येत नाही, कारण त्यांचे ड्रायव्हर कर्नलसोबतच सही होऊन येतात. आत की बाहेर, हा सुरुवातीचा फरक इथे असा अंगावर येतो.

उबुंटूसारख्या डिस्ट्रोमध्ये ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जाऊ शकतं. तो लिहून ठेवा. पुढच्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते आणि थोडा वेळच थांबते. तिथे 'एनरोल एमओके' (मॉड्यूलच्या सहीची किल्ली नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. नवा माणूस ती स्क्रीन बघून घाबरतो, एंटर दाबून पुढे जातो, आणि मग ड्रायव्हर का चालत नाही याचा दोन दिवस शोध घेत बसतो. हुकली असेल तर 'मॉकयूटिल' या कमांडनं ती किल्ली पुन्हा नोंदवता येते. सिक्युअर बूट सरळ बंद करणं हाही मार्ग आहे. मी तो शेवटचा ठेवतो, विशेषतः त्याच मशीनवर विंडोज असेल तर.

लॅपटॉपमध्ये दोन कार्डं

प्रोसेसरमधलं इंटेल किंवा एएमडी ग्राफिक्स स्क्रीन चालवतं आणि एनव्हिडिया गरज पडली तरच जागं होतं, अशी ही रचना. साध्या कामाला ती आपसूक ठीक चालते. एखादा प्रोग्राम मोठ्या कार्डावर चालवायचा तर नोम डेस्कटॉपमध्ये त्याच्या चिन्हावर उजवी क्लिक करून 'स्वतंत्र ग्राफिक्स कार्डवर चालवा' अशा अर्थाचा पर्याय येतो. उबुंटूवर 'प्राइम-सिलेक्ट' या कमांडनं कायमची निवडही करता येते. 'ऑन-डिमांड' ठेवणं बॅटरीच्या हिताचं.

'जीएलएक्सइन्फोमध्ये इंटेल दिसतंय, म्हणजे एनव्हिडिया चालत नाही' असा निष्कर्ष काढू नका. अशा लॅपटॉपवर तसंच दिसायला हवं. एनव्हिडियाचं वेगळं विचारायचं तर 'एनव्हिडिया-एसएमआय' द्या. तिनं तक्ता दाखवला की ड्रायव्हर जागेवर आहे.

बऱ्याच लॅपटॉपमध्ये बाहेरच्या मॉनिटरचं पोर्ट थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं. म्हणून ड्रायव्हर नसताना लॅपटॉपची स्क्रीन चालते पण प्रोजेक्टर चालत नाही, असा विचित्र प्रकार घडतो.

कामानुसार काय बदलतं

नुसता डेस्कटॉप वापरणाऱ्याला आता वेलँडशी, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेशी, जुळणं महत्त्वाचं, कारण डिस्ट्रो जुन्या एक्स११ या व्यवस्थेला निरोप देत आहेत. इंटेल आणि एएमडीवर वेलँड कधीपासूनच सुरळीत आहे. एनव्हिडियावर बरीच वर्षं खिडक्या लुकलुकत असत. २०२४ मधल्या ५५५ आवृत्तीत 'एक्स्प्लिसिट सिंक' आलं आणि तो त्रास बहुतांशी मिटला. म्हणून ५५५ च्या आधीची शाखा मिळणाऱ्या जुन्या कार्डांवर एक्स११ टिकवून ठेवणारा डेस्कटॉप बघा, एक्सएफसीई किंवा मिंटचा सिनॅमन.

व्हिडिओमध्ये इंटेल आणि एएमडी पुढे आहेत, कारण ब्राउझर त्यांची पद्धत थेट समजतात. एनव्हिडियाला मध्ये एक जोडपॅकेज लागतं. फेडोरावर पेटंटच्या कारणानं मेसामधून एच.२६४ आणि एच.२६५ हे व्हिडिओचे प्रकार वगळलेले आहेत. ते आरपीएम फ्यूजनमधल्या 'फ्रीवर्ल्ड' नावाच्या पॅकेजातून परत मिळतात. कार्ड कोणते प्रकार उलगडतं ते 'व्हीएइन्फो' सांगते.

गेमसाठी स्टीमचं प्रोटॉन विंडोजच्या गेमचं डायरेक्टएक्स वल्कनमध्ये बदलून देतं. इथे तिन्ही कंपन्या वापरण्याजोग्या आहेत. एएमडीवर कटकट कमी. एनव्हिडियावर डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून वेग वाढवणारं तंत्र) मिळतं, मात्र डायरेक्टएक्स १२ च्या काही गेममध्ये विंडोजच्या तुलनेत वेग जाणवण्याइतका कमी पडतो.

कूडा लागणारं काम असेल तर चर्चा संपली: एनव्हिडिया आणि तिचाच ड्रायव्हर. कूडाला एएमडीचा पर्याय असलेलं आरओसीएम पुष्कळ सुधारलं आहे, पण त्याची अधिकृत कार्डांची यादी आखूड आहे. तुमचं कार्ड तिच्यात आहे का ते आधी बघा, 'चालेल बहुतेक' यावर पैसे घालू नका. ब्लेंडर तिन्हींना ओळखतं.

काळी स्क्रीन आली तर

मशीन बिघडलेलं नाही. सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबची (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची) यादी आणा. उबुंटूत 'ॲडव्हान्स्ड' पर्यायात जुना कर्नल असतो, आधी तो वापरून बघा. नव्या कर्नलवर एनव्हिडियाचं मॉड्यूल बांधलं गेलं नसेल तर इथेच सुटका होते. नाही झाली तर यादीतल्या पहिल्या ओळीवर 'ई' दाबा, 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' टाइप करा आणि कंट्रोल-एक्स दाबा. स्क्रीन ओबडधोबड दिसेल, पण उठेल. हा बदल तेवढ्यापुरताच असतो. तो कायमचा करून ठेवू नका, कारण नोमोडसेट असेपर्यंत एएमडी-इंटेलचा खरा ड्रायव्हर कामच करत नाही.

आत गेल्यावर 'जर्नलसीटीएल -के -बी -१' दिलंत की मागच्या, फसलेल्या वेळची कर्नलची नोंद मिळते. 'फर्मवेअर' या शब्दाजवळ 'फेल्ड' दिसलं तर फर्मवेअरचं पॅकेज नवं करा. एनव्हिडियाच्या मॉड्यूलजवळ 'की रिजेक्टेड' दिसलं तर पुन्हा सिक्युअर बूटकडे वळा.

कार्ड बदलताना

एनव्हिडिया काढून एएमडी लावणार असाल तर जुनं कार्ड मशीनमध्ये असतानाच एनव्हिडियाची सगळी पॅकेजं काढून टाका. रीस्टार्ट करून नूव्होवर डेस्कटॉप येतो का बघा, आणि मग मशीन बंद करून कार्ड बदला. उलट्या दिशेनं जाताना, म्हणजे एएमडीवरून एनव्हिडियावर, आधीच काही काढायचं नसतं. मेसा आहे तिथेच राहू द्या. नवं कार्ड लावून नूव्होवर मशीन उठवा, सगळे अपडेट घ्या, आणि पिढी तपासून मगच वरच्या पायऱ्यांनी ड्रायव्हर टाका. अगदी ताज्या कार्डावर नूव्होनंही स्क्रीन दिली नाही, तर मॉनिटरची केबल तात्पुरती मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावा आणि तिथून ड्रायव्हर टाका. फक्त काम झाल्यावर ती परत कार्डात लावायला विसरू नका.